साडेआठचे भोक नेमके कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाचे दिवस आले की वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर कॅडच्या (कॉम्प्युटरवर डिझाइन काढण्याच्या) क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. ४५ दिवसांत अमुक सॉफ्टवेअर, तीन महिन्यांत तमुक. मुले शिकतात, एक्स्ट्रूड, रिव्हॉल्व्ह, कट, फिलेट या बटणांवर हात बसतो आणि पडद्यावर झकास रंगीत पार्ट उभा राहतो. तोच पार्ट वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या दहा मशिनच्या वर्कशॉपमध्ये पोहोचला की पहिला प्रश्न निघतो तो असा: या प्लेटवर साडेआठ मिलिमीटरची सहा होल दिसताहेत, ती कशासाठी?

प्रश्न खुळचट वाटेल, पण तसा तो नाही. एम१० च्या (१० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टच्या) टॅपआधी, म्हणजे आटे पाडण्याआधी, मारायचे ड्रिल ८.५ चे असते. १० मधून १.५ चा पिच (दोन आट्यांतले अंतर) वजा केला की झाले. आता एम८ चा बोल्ट नुसता आरपार जायचा असेल तर आयएसओ २७३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या बसणीला ९ चे आणि अचूक बसणीला ८.४ चे होल लागते. पण सवयीने तिथे ८.५ काढणारे आपल्याकडे पुष्कळ. म्हणजे भोक एक आणि अर्थ दोन. एकात आटे पाडायचे, दुसऱ्यात चुकूनही पाडायचे नाहीत. असेच ६.६ आणि ६.८ चे. पहिले एम६ च्या बोल्टला वाट देणारे, दुसरे एम८ च्या आट्याचे. फरक ०.२ मिलिमीटरचा, तो पडद्यावर डोळ्यांना दिसत नाही. आलेली फाइल याबद्दल अवाक्षर काढत नाही. मग मशिन थांबवून फोन लावा, नाहीतर अंदाजाने टॅप घाला. आटे पाडायचे राहिले तर जॉब पुन्हा बांधून निस्तरता येते. नको तिथे पाडले तर प्लेट भंगारात.

हे सॉफ्टवेअरचे दुखणे नाही. सगळ्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होल विझार्ड किंवा होल फीचर असतेच. त्यात एम१०, आट्याची खोली, ड्रिलची खोली, आरपार की बंद, सगळे भरता येते. पण क्लासमध्ये वर्तुळ काढून कट मारणे आधी शिकवले जाते आणि दोन्हींचे चित्र सारखेच दिसत असल्याने पुढे कोणी वळून पाहत नाही. फीचर मॉडेलिंग म्हणतात ते नेमके इथे सुरू होते. फीचर म्हणजे आकार आणि त्या आकाराचा कारखान्यातला अर्थ, दोन्ही एका गाठोड्यात. होलला खोली असते, आटे असतात, बसण असते, ते कोणत्या पृष्ठभागावरून मारायचे याची दिशा असते. कट मारलेल्या वर्तुळाला फक्त व्यास असतो.

एक की-वे, म्हणजे शाफ्टवर चाक घट्ट धरणाऱ्या ‘की’ची खाच, जवळून पाहू. ३० मिलिमीटरचा शाफ्ट आहे. डीआयएन ६८८५ या जर्मन मानकाप्रमाणे २२ च्या वर ३० पर्यंतच्या शाफ्टला ८ बाय ७ ची की बसते आणि शाफ्टमध्ये खाच ४ मिलिमीटर खोल लागते. मुलाने अक्षापासून १५ मिलिमीटरवर एक प्लेन घेतले, त्यावर ८ रुंदीचा स्लॉट काढला आणि आत ४ खोल, बाहेरच्या बाजूला आरपार असा कट मारला. मॉडेल बरोबर, ड्रॉइंग बरोबर. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाने शाफ्ट ३५ चा मागितला. व्यासाच्या जागी ३५ टाकले, मॉडेल मुकाट्याने पुन्हा तयार झाले, कुठेही लाल खूण नाही. आत काय झाले? प्लेन १५ वरच राहिले, खाचेचा तळ ११ वरच राहिला, पण शाफ्टची त्रिज्या झाली १७.५. म्हणजे खाच साडेसहा मिलिमीटर खोल. रुंदी तीच, ८. वास्तविक ३० च्या वर ३८ पर्यंत १० बाय ८ ची की लागते आणि शाफ्टमधली खोली ५. दोन्ही मापे चुकली आणि मॉडेलने चकार शब्द काढला नाही. सॉफ्टवेअर एरर देते तेव्हा माणूस सावध होतो. ते गप्प राहते तेव्हा नुकसान होते.

हेच की-वे फीचर म्हणून बांधायचे तर प्लेनचे अंतर ‘व्यास भागिले दोन’ असे समीकरणाने बांधावे आणि रुंदी-खोली एका छोट्या तक्त्यातून उचलावी. व्यास २२ ते ३० असेल तर ८ आणि ४, ३० ते ३८ असेल तर १० आणि ५. तक्ता एकदा केला की वर्षानुवर्षे चालतो. सर्कलिपच्या (शाफ्टवरचा भाग सरकू न देणाऱ्या कडीच्या) खाचेचेही तसेच: ३० च्या शाफ्टवर खाचेचा व्यास २८.६, रुंदी १.६. ही मापे दर वेळी हँडबुकातून पाहून हाताने टाकायची नसतात. एकदा फीचरच्या लायब्ररीत ठेवायची आणि तिथून ओढून आणायची. आपल्याकडे दहापैकी नऊ जण जुन्या पार्टमधून स्केच कॉपी करतात, आणि त्या स्केचबरोबर जुन्या पार्टचे संदर्भही लपून येतात.

बंद होलचा आणखी एक नमुना. २५ जाडीची प्लेट, तिच्यात एम८, आटे १६ मिलिमीटर खोल. मॉडेलमध्ये २० खोल, सपाट तळाचे भोक. डिझायनरच्या हिशेबाने खाली ५ मिलिमीटर धातू शिल्लक आहे. आता मशिनवरचा हिशेब करा. साध्या टॅपच्या टोकाला चार आट्यांची निमुळती चढण असते, १.२५ पिचने ती झाली ५ मिलिमीटर. पूर्ण आटे १६ हवेत तर टॅपचे टोक २१ पर्यंत जाणार. त्याखाली बुरादा साठायला एखादा मिलिमीटर, म्हणजे ड्रिलचा सरळ भाग २२. ड्रिलचे टोक ११८ अंशांचे, त्याची उंची व्यासाच्या साधारण ०.३ पट, ६.८ ला ती २ मिलिमीटर. बेरीज २४. खाली उरला १ मिलिमीटरचा पापुद्रा, आणि त्याच्या पलीकडे तेलाची वाट असेल तर पुढचे सांगायला नको. दोन आट्यांच्या चढणीचा तळाचा टॅप वापरला तर हेच काम अडीच मिलिमीटरने कमी खोलीत भागते. पण तो निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो, आणि होल फीचरमध्ये ड्रिलची खोली व आट्याची खोली हे दोन वेगळे रकाने असतात ते त्यासाठीच.

आता पद्धतींविषयी थोडे, कारण ‘सगळे सॉफ्टवेअर आपोआप ओळखते’ असा एक समज पसरला आहे. फीचर मॉडेलिंगच्या ठोकळमानाने तीन वाटा. पहिली, सुरुवातीपासून फीचरनेच डिझाइन करायचे. सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या कंपनीचे प्रो-इंजिनीअर १९८० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले आणि ही वाट रुळली. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स आले आणि ती साध्या पीसीवर पोहोचली. दुसरी, तयार घन आकारातून कॉम्प्युटरने फीचर हुडकून काढायचे. केंब्रिजला किप्रियानू यांनी १९८० मध्ये प्रबंधात हा विषय मांडला, आणि १९८८ मध्ये जोशी व चँग यांनी पृष्ठभागांच्या शेजाराचा आलेख वापरून पद्धत दिली, ती आजही अनेक प्रोग्रॅमांच्या पोटात आहे. तिसरी वाट माणसाने पडद्यावर एकेक पृष्ठभाग निवडून ‘हा खिसा, ही खाच, हे रीम केलेले होल’ असे सांगायची. ती सर्वांत जुनी, सर्वांत कंटाळवाणी, आणि आपल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये आजही हीच चालते.

आपोआप ओळखण्याची पद्धत समजून घेतली की तिच्यावर किती विसंबायचे ते कळते. कॉम्प्युटर प्रत्येक पृष्ठभागाला एक टिंब मानतो, दोन पृष्ठभाग ज्या कडेवर भेटतात तिथे रेघ ओढतो आणि कड आत वळलेली की बाहेर आलेली एवढे नोंदवतो. आरपार खाचेत तळ आणि दोन भिंती, आतल्या कडा दोन. चौकोनी बंद खिशात तळ आणि चार भिंती. तळाशी चार आणि कोपऱ्यांत उभ्या चार, अशा आतल्या कडा आठ. पायरीला दोन पृष्ठभाग, आतली कड एकच. हा नमुना जुळला की नाव सापडले. वहीच्या पानावर पेन्सिलने काढून पाहण्यासारखे आहे, डिप्लोमाच्या मुलाला अर्ध्या तासात समजते.

आता त्याच खिशाच्या चार उभ्या कोपऱ्यांना आर६ (६ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई) द्या, जो कोणताही शहाणा माणूस देईलच. चार भिंती, चार गोल तुकडे आणि तळ, असे पृष्ठभाग झाले नऊ. भिंत आणि गोल तुकडा एकमेकांत सरकत मिसळतात, म्हणून ती कड ना आत वळलेली ना बाहेर आलेली. नमुना फिसकटला. म्हणूनच ओळख करणारे प्रोग्रॅम आधी फिलेट, म्हणजे ही गोलाई, पुसतात आणि मग शोधाला लागतात. फिलेट पुसता आले नाहीत तर हात वर करतात.

त्याहून अवघड म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या खाचा. सारख्या खोलीच्या दोन खाचा एकमेकींना काटकोनात छेदल्या की तळ होतो एकच, अधिक चिन्हासारखा, आणि भिंती आठ. आलेखात दोन खाचा कुठेच नाहीत. एक उथळ खाच खोल खाचेला छेदून गेली तर उथळीचे दोन तुकडे पडतात आणि कॉम्प्युटर त्या दोन स्वतंत्र खाचा समजतो. मग टूलपाथही दोन: कटर आत शिरतो, बाहेर येतो, वर उचलतो, पुन्हा शिरतो. मशिन लावणारा सेटर एका फेरीत जे काम करील त्याला दुप्पट वेळ. यावर उपाय म्हणून आकाराचे लहान लहान तुकडे पाडून ते निरनिराळ्या प्रकारे जोडून पाहण्याच्या पद्धती आल्या. अधिक चिन्हाचे पाच तुकडे होतात, त्यांतून ‘एक लांब खाच आणि दोन आखूड’ किंवा नेमके उलट, असे पर्याय निघतात. पण दहा-बारा खाचा छेदल्या की पर्यायांचा डोंगर होतो. कोणता पर्याय घ्यायचा हे शेवटी कटर ठरवतो. एक खाच १२ ची आणि दुसरी १६ ची असेल तर १२ चा एंडमिल (खाच कापणारा कटर) एका दिशेने आणि १६ चा दुसऱ्या दिशेने सरळ जातो, प्रश्न मिटला. पण ही गोष्ट आकारात लिहिलेली नसते.

साधी होले, उघड्या पायऱ्या, गोल कोपऱ्यांचे सुटे खिसे यांवर आपोआप ओळख चांगली चालते आणि तिथे ती जरूर वापरावी. ४० होलांची मॅनिफोल्ड प्लेट हाताने निवडत बसणे म्हणजे वेळेचे मातेरे. मात्र ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठीचा उतार) दिलेल्या भिंती, एकमेकांत घुसलेले खिसे, कास्टिंगचे पृष्ठभाग इथे तिच्यावर भरवसा ठेवून रात्रीची पाळी सोडू नये.

मग सगळ्यांनी फीचरनेच डिझाइन केले तर प्रश्न सुटेल का? पुरता नाही. डिझायनरला जी एक रिब (पातळ उभी भिंत) दिसते ती मशिनवाल्याला दोन खिसे दिसतात. डिझायनर रिब जोडतो. मशिनवाला तिच्या दोन्ही बाजूंचा माल काढतो. रिब २ जाडीची आणि २५ उंच असेल तर एक खिसा तळापर्यंत काढून मग दुसऱ्याकडे वळणे म्हणजे रिब थरथरून वाकडी करून घेणे. दोन्ही बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे खाली उतरावे लागते. हे ज्ञान ‘रिब’ या फीचरमध्ये नसते. ते मशिनिंगच्या फीचरमध्ये असते आणि एकातून दुसरे काढावे लागते. म्हणून एकच फीचर ट्री (फीचरांची क्रमवार यादी) सर्वांना पुरेल, हा हट्ट सोडावा. डिझायनरने आपला हेतू धडपणे लिहावा, कॅमवाल्याने (मशिनचा प्रोग्रॅम करणाऱ्याने) त्यातून आपली फीचर काढावी, आणि दोघांच्या मधल्या टप्प्यात माहिती सांडू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.

आणि ती सांडते कुठे, तर स्टेप फाइलमध्ये, म्हणजे निरनिराळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या सामाईक फाइलमध्ये. मोठे कारखाने आपली मूळ फाइल देत नाहीत, ते समजण्यासारखे आहे. स्टेप देतात. आयएसओ १०३०३ मधला एपी२०३ हा भाग १९९४ चा; त्यातून पृष्ठभाग येतात, फीचर ट्री येत नाही, समीकरणे येत नाहीत. आट्यांचे तर हालच. कॅडमध्ये आटे बहुधा नुसते चित्र म्हणून लावलेले असतात, स्टेपमध्ये ते गळून पडतात आणि मागे राहतो एक दंडगोल. एम८ चे असे भोक सेटिंगप्रमाणे कधी ६.८ चे येते, कधी ८ चे, तर कधी ६.६४७ चे. ६.६४७ चे ड्रिल कोणाच्या टूल क्रिबमध्ये असते? ते आट्याचा आतला व्यास आहे हे ओळखणारा माणूस खुर्चीवर असला तर ठीक, नवखा असला तर तो ६.६ चे ड्रिल घालून मोकळा होतो.

टॉलरन्सचीही (मापात चालणाऱ्या फरकाचीही) तीच गत. मॉडेल नेहमी नाममात्र मापावर काढलेले असते. ३० एफ७ चा शाफ्ट मॉडेलमध्ये ३०.००० असतो; प्रत्यक्षात तो २९.९५९ ते २९.९८० मध्ये यायला हवा. ड्रॉइंग न पाहता नुसत्या मॉडेलवरून प्रोग्रॅम केला तर शाफ्ट किमान २० मायक्रॉन जाड निघणार, आणि तो मॉडेलशी तंतोतंत जुळतो म्हणून ऑपरेटर भांडणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०१४ मध्ये आलेल्या एपी२४२ मध्ये टॉलरन्स मॉडेलवरच, कॉम्प्युटरला वाचता येईल अशा रूपात पाठवण्याची सोय आहे. मशिनिंगच्या फीचरसाठी एपी२२४ तर त्याच्याही आधीपासून आहे. तरीही पाठवणारे मेनूमध्ये जो पर्याय आधीपासून निवडलेला असतो तोच दाबतात.

ज्यांना एपी२४२ मधली टॉलरन्स भरणे जमत नाही त्यांच्यासाठी एक बिनखर्ची युक्ती आहे, मोल्डवाल्यांत ती चांगली रुळलेली आहे: पृष्ठभागांना रंग द्या. आट्याची होले निळी, एच७ ची (अचूक बसणीची) लाल, नुसती वाट देणारी बिनरंगाची, ग्राइंडिंगचे पृष्ठभाग हिरवे. फाइल एपी२१४ किंवा एपी२४२ मध्ये काढली तर रंग सोबत येतात. एपी२०३ च्या पहिल्या आवृत्तीत येत नाहीत. बऱ्याच कॅम प्रोग्रॅममध्ये एका रंगाचे सगळे पृष्ठभाग एका झटक्यात निवडता येतात. रंगांची ही यादी गिऱ्हाईक आणि वर्कशॉप यांनी एकदा कागदावर लिहून सह्या करून ठेवावी, नाहीतर एकाचा लाल तो दुसऱ्याचा भगवा.

शीट मेटलचे थोडक्यात. २ मिलिमीटरचा पत्रा, आतली त्रिज्या २, एक काटकोनी बाक, बाहेरून मापे ५० आणि ३०. के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) ०.४ धरला तर बाकातली लांबी १.५७ गुणिले २.८, म्हणजे ४.४; सपाट पत्रा ४६ अधिक २६ अधिक ४.४, एकूण ७६.४. शीट मेटल फीचरने काढले तर हा उलगडा आपोआप मिळतो. साध्या एक्स्ट्रूडने एलच्या आकाराचा ठोकळा काढला तर उलगडा नाही. मग कोणी बाहेरची मापे जोडून ८० कापतो, कोणी आतली जोडून ७६. एका बाकात ०.४ म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण पाच बाकांच्या पेटीत ते २ मिलिमीटर होतात आणि दाराच्या बिजागऱ्या जुळत नाहीत. के-फॅक्टर मात्र पुस्तकातून उचलू नये. आपल्याच प्रेसवर, आपल्याच डायवर १०० मिलिमीटरची पट्टी वाकवून मोजावा.

मराठवाड्यात शेतीची अवजारे बनवणारी वर्कशॉप पुष्कळ, आणि फीचर मॉडेलिंगचा सर्वांत मोठा फायदा खरे तर त्यांना आहे. आपल्या भाषेने ही कल्पना केव्हाच पकडली आहे: दुफण, तिफण, चौफण. अवजार एकच, बदलतो तो फणांचा आकडा, आणि नावच त्या आकड्यावरून. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे मॉडेल असेच हवे. दोन मापे मुख्य: फणांची संख्या आणि तासांतले अंतर, सोयाबीनला ४५ सेंमी. पाच फणांना दिंड (फण बसवायचा आडवा दांडा) लागते ४५० गुणिले ४, अधिक दोन्ही टोकांना १००, म्हणजे २००० मिलिमीटर. सात फणांना २९००. हे पॅटर्न डाव्या टोकापासून मोजत काढले तर फण वाढवताच दिंड एका बाजूला वाढते आणि हिच (ट्रॅक्टरला जोडायची जागा) मधोमध राहत नाही. म्हणून पॅटर्न मध्य प्लेनपासून दोन्हीकडे काढावे. एवढे केल्यावरही एक मेख राहते. पाच फणांत ते ०, ४५० आणि ९०० वर येतात. ट्रॅक्टर-जोडणीच्या कॅटेगरी २ मध्ये खालच्या दोन हिच पिनांमधले अंतर ८२५, म्हणजे हिचच्या पट्ट्या मध्यापासून ४१२ वर. फणाचे मध्य आणि पट्टीचे मध्य यांत जेमतेम ३८ मिलिमीटर, यू-क्लॅम्प बसायचा कुठे? सहा फणांत ते २२५ आणि ६७५ वर जातात, तिथे मोकळी जागा. पॅरामीटर बदलून पाच मिनिटांत हे पडद्यावर दिसते. नाहीतर ते दिसते वेल्डिंग झाल्यावर, पेरणी आठ दिवसांवर आली असताना.

फीचर ट्रीच्या क्रमाविषयी क्लासमध्ये काहीच सांगत नाहीत, म्हणून इथे लिहितो. आधी मुख्य आकार, मग मशिनिंगचे संदर्भ पृष्ठभाग, मग खिसे-खाचा, मग होले, आणि फिलेट-चॅम्फर अगदी शेवटी. कास्टिंग व प्लास्टिकमध्ये ड्राफ्ट आधी, फिलेट नंतर, शेल त्याच्याही नंतर. ३ जाडीचा शेल (आतून पोकळ करून तेवढीच भिंत ठेवणे) द्यायचा असेल तर बाहेरचे फिलेट आर२ ठेवू नयेत. आत त्रिज्या उरतच नाही आणि शेल फसते किंवा आत धारदार कोपरा पडतो. आर४ ठेवा, आत आर१ मिळेल. खिशाच्या कोपऱ्याची त्रिज्या कटरच्या त्रिज्येपेक्षा किंचित जास्त ठेवावी. ४० खोल खिशाला आर३ दिला की ६ चा लांब एंडमिल लागतो, तो व्यासाच्या साडेसहा पटीने लोंबकळतो आणि भिंतीवर लाटा उठतात. आर६.५ दिला तर १२ चा कटर कोपऱ्यात न अडखळता वळतो. स्केच आणि डायमेन्शन होता होईतो मूळ प्लेनांना बांधावीत, आयत्या मिळालेल्या कडांना नाही. कडेला बांधलेले फिलेट ती कड दुसऱ्या कटने तुटली की भलत्याच कडेवर जाऊन बसते, कारण सॉफ्टवेअर आतून कडांना नंबर देते आणि ते नंबर बदलतात. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये हा त्रास फार होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत तो बऱ्यापैकी आटोक्यात आणला आहे. हिंगोली, परभणी, बीडच्या ज्या संस्थांना महागडी लायसन्स परवडत नाहीत त्यांना आता सबब उरलेली नाही. आणि फीचरला नाव द्या हो! ‘कट-एक्स्ट्रूड४७’ हे नाव काढणाऱ्यालाही पंधरा दिवसांनी ओळखू येत नाही.

पत्र लिहिण्यामागे मागणी आहे ती परीक्षा घेणाऱ्यांकडे आणि माल घेणाऱ्यांकडे. डिप्लोमा, आयटीआय आणि खासगी क्लास, सगळीकडे कॅडची परीक्षा म्हणजे ड्रॉइंग पाहून तसा पार्ट काढा. गुण दिसण्याला. त्याऐवजी मुलाने पार्ट काढल्यावर परीक्षकाने त्याच्यासमोर तीन मापे बदलावीत: एक बाहेरचे, एक होलचे, एक पॅटर्नमधला आकडा. मॉडेल पुन्हा नीट तयार झाले तर निम्मे गुण. मग एकेक होल निवडून विचारावे, हे कशाचे, किती खोल, कोणत्या ड्रिलने. याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, दर मुलामागे दहा मिनिटे लागतात.

आणि खरेदी विभागांना विनंती अशी की जॉब वर्कची चौकशी पाठवताना स्टेप फाइल एपी२४२ मध्ये काढावी, सोबत होलांचा तक्ता असलेली पीडीएफ जोडावी, दोन्हींवर एकच रिव्हिजन नंबर टाकावा आणि दोन्हींत फरक आढळल्यास कोणते प्रमाण मानायचे ते ऑर्डरवरच लिहावे. सध्या ‘टॉलरन्स ड्रॉइंगप्रमाणे, माप मॉडेलप्रमाणे’ असा शेरा येतो आणि ड्रॉइंग मागच्या रिव्हिजनचे असते.

आपले,
वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत डिझाइन व कॅमचे काम करणारे काही जण,
छत्रपती संभाजीनगर